मंडळीतल्या कुटुंबाला कर्जातून सोडवायचे आहे: बिनव्याजी निधी, शेकडा एक, की जामीन?

कमिटी_पूर्वभाग

जय ख्रिस्त. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीतर्फे विचारत आहे. साधारण ४० कुटुंबे. पुरुष बहुतेक टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत, बायका बिड्या वळतात किंवा घरी शिलाई करतात. एका कुटुंबाने आपला सगळा हिशेब कमिटीपुढे मांडला. त्यांना विचारून, नावगाव वगळून तो इथे देतो.

दोघांची मिळून महिन्याची मिळकत २४,००० च्या आसपास. देणी तीन. पतसंस्थेचे दीड लाख, १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांसाठी: हप्ता ५,१२७, वीस हप्ते राहिले, शिल्लक सुमारे ९१,०००. मायक्रोफायनान्स गटाचे ५०,०००, २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी: हप्ता २,६४४, बारा हप्ते राहिले, शिल्लक सुमारे २८,०००. तिसरे खासगी, ४०,००० शेकडा पाचने. दरमहा २,००० नुसते व्याज जाते, १४ महिने झाले, मुद्दल जागच्या जागी. सही केलेले दोन कोरे चेक आणि एक कोरा स्टँप पेपर त्या माणसाच्या ताब्यात. त्यात मे महिन्यात मुलीचे लग्न. त्यासाठी पतसंस्थेकडून आणखी एक लाख काढायचे म्हणतात आणि जामीनदार म्हणून कमिटीतल्याच दोघांची नावे पुढे केली आहेत.

कमिटीत तीन तोंडे तीन दिशांना. एक म्हणतात, रोमकरांस पत्र १३:८ प्रमाणे कर्ज काढणे हेच पाप, मंडळीने यात पडूच नये. दुसरे म्हणतात, घरटी २०० रुपये गोळा करून निधी काढा आणि महिन्याला शेकडा एक व्याज लावा, म्हणजे निधी वाढत राहील. तिसरे म्हणतात, जामीन राहणे हीच खरी बंधुप्रीती. आणखी एक अडचण अशी की हे कुटुंब २,४०० रुपये दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) मंडळीला न चुकता देते. तो थांबवा असे सांगावे का, हे विचारायला कोणी धजत नाही.

वचन_अभ्यास

रोम १३:८ एकटे काढून वाचू नका. सातव्या वचनात पौल कर आणि जकात ज्याची त्याला द्या असे सांगतो, आणि त्याच ओघात आठव्यात म्हणतो की प्रीतीखेरीज कोणाचे देणे ठेवू नका. रोख आहे तो देणे थकवण्यावर. घेणे मुळातच पाप असते तर मत्तय ५:४२ मध्ये प्रभूने उसने मागणाऱ्याला पाठमोरा होऊ नकोस असे कशाला सांगितले असते? स्तोत्र ३७:२१ मध्ये दुर्जन ठरतो तो उसने घेऊन फेडत नाही म्हणून. नीतिसूत्रे २२:७ कर्जदाराला सावकाराचा दास म्हणते, तो पापाचा निवाडा नसून वस्तुस्थितीचे वर्णन आहे. कारखान्यात मालकाची उचल अंगावर असलेल्या कामगाराला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मोशेचे नियमशास्त्र बंधने घालते ती मुख्यतः कर्ज देणाऱ्यावर. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये (निर्गम २२:२५, लेवीय २५:३६), पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्ताआधी परत द्यावे, जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये कारण ती पोटापाण्याची वस्तू आहे (अनुवाद २४:६), आणि गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात न शिरता बाहेर उभे राहावे (अनुवाद २४:१०-११). शिलाई मशीन उचलून नेणाऱ्यांना हे शेवटचे दोन नियम वाचून दाखवावेत असे फार वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या सभासदांच्या 'शेकडा एक'बद्दल. नहेम्याचा पाचवा अध्याय कमिटीने एकत्र बसून वाचावा. दुष्काळ, राजाचा कर, शेते-द्राक्षमळे गहाण, मुलेमुली दास्यात. नहेम्या श्रीमंतांना भर सभेत बोलावतो, आपण आणि आपले भाऊही पैसे-धान्य उसने देत आहोत हे उघड मांडतो, आणि अकराव्या वचनात शेते, घरे आणि पैसा-धान्याचा शंभरावा हिस्सा परत करायला लावतो. पुष्कळ भाष्यकार हा शंभरावा हिस्सा दरमहाचा धरतात. म्हणजे शेकडा एक! इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेचा सतरावा नियमही शंभराव्या हिश्शाचे व्याज घेणाऱ्या धर्मसेवकाला पदावरून काढा असे सांगतो. संकटात सापडलेल्या बांधवाला द्यायच्या पैशावर नेमका तोच दर मंडळीने लावावा, हे मला पटत नाही.

पण सरसकट 'व्याज म्हणजे पाप' असेही मी म्हणणार नाही. मत्तय २५:२७ मध्ये सावकारांकडे ठेवलेल्या पैशावरचे व्याज धनी मागतो. तो दाखला आहे, अर्थशास्त्राचा धडा नव्हे, हे मान्य. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने १५४५ च्या पत्रात फरक केला तो असा: गरजवंताच्या अडचणीवर कमाई नको, पण ज्या पैशावर दुसरा धंदा करून नफा मिळवणार आहे त्यावर माफक व्याजाला हरकत नाही. कॅथोलिक बाजूला पेरुजा शहरात १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणगृह निघाले. कारभाराचा खर्च भागेल एवढी अल्प आकारणी तिथे चालेल असे पाचव्या लॅटरन परिषदेने १५१५ मध्ये ठरवले. लग्न, आजारपण, सावकाराची सुटका यांसाठी बिनव्याजी. नवी मशीन घ्यायची असेल तर माफक आकार. मला ही रेघ वापरण्याजोगी वाटते.

दशमांशाबद्दल दोन ठिकाणे बघा. मत्तय १५:५ मध्ये आईबापांचा हक्काचा वाटा देवाला वाहिला असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू झापतो. २ राजे ४:७ मध्ये अलीशा विधवेला तेल विकून आधी कर्ज फेडायला सांगतो आणि उरलेल्यावर घर चालवायला सांगतो. स्वतःसाठी काही मागत नाही. धनकोचे पैसे थकवून किंवा शेकडा पाचने उचलून दिलेले अर्पण हे आपले नव्हेच, दुसऱ्याचे अर्पण. पाळकांनी स्वतः घरी जाऊन सांगावे की तूर्त जमेल तेवढे द्या, कोणी वही बघणार नाही. व्यासपीठावरून सांगू नका, सगळ्यांना कळेल कोणाबद्दल आहे ते.

कोर्टाची_पायरी

वचन_अभ्यास यांनी देणाऱ्यावरची बंधने सांगितली. राज्याचा कायदाही तिकडेच बोट दाखवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतीव्यतिरिक्त कर्जाला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के, नसेल तर १८. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६०. चक्रवाढ चालत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या पुढे जाऊ शकत नाही. रकमा कोऱ्या सोडलेल्या कागदावर सही घेणे परवानाधारकालाही मना आहे.

तुमच्या हिशेबात बसवून बघा. ४०,००० वर १८ टक्क्यांनी महिन्याला ६०० होतात, १४ महिन्यांचे ८,४००. कुटुंबाने दिले २८,०००. जादा गेलेले १९,६०० मुद्दलात धरले तर उरतात २०,४००. बोलणी तिथून सुरू करा, ४०,००० पासून नको. परवाना नसलेल्या माणसाच्या दाव्यात कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून तर चेक हातात ठेवतात.

चेकचाच धोका मोठा. त्याने रक्कम भरून चेक बँकेत टाकला आणि तो परत गेला तर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस येते. ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. त्याच मुदतीत वकिलामार्फत लेखी उत्तरही गेले पाहिजे: चेक कोरे दिले होते, किती घेतले, किती फेडले. नोटीस न उघडता कपाटात ठेवणे ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. आजपासून दर महिन्याचे पैसे यूपीआयने किंवा खात्यावर पाठवा, रोख नको. मागचे १४ महिने रोख दिले असतील तर तारीखवार यादी, साक्षीदार, फोनवरचे मेसेज आताच गोळा करून ठेवा.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी द्यायची. सावकारीचे जिल्हा निबंधक तेच असतात. पोच घ्या. त्यांना झडती घेऊन कोरे चेक, स्टँप जप्त करता येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, आणि महिलेने अर्ज केला तर उत्पन्नाची अट लागत नाही. म्हणून अर्ज पत्नीच्या नावाने करा.

एक विनंती. मुद्दल बुडवायचा सल्ला मी देत नाही, स्तोत्र ३७ मीही वाचतो. पण बेकायदा व्याज हे देणेच नव्हे. जकातदार जक्कयाच्या गोष्टीत चौपट परत करायची वेळ अन्यायाने पैसे घेणाऱ्यावर आली होती.

वसुली_विभाग

जामिनाचे बोलतो, कारण चांगली माणसे तिथेच अडकतात. करार कायदा १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. पतसंस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग तुमच्याकडे यावे, असा क्रम कायद्यात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला दोघांच्याही नावाने निघतो, आणि पगारदार जामीनदार हाताला लागायला सोपा म्हणून प्रत्यक्षात त्याच्याकडेच आधी जातात. कलम ४९ प्रमाणे पगारातून कपातीची संमती दिलेली असेल तर पगारपत्रकातच हप्ता दिसू लागतो. हमी तुमच्या सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) नोंदली जाते, आणि उद्या तुम्हाला घरकर्ज हवे झाले की ती आडवी येते.

सही करून पैसे वाटले गेले की मुदतीच्या कर्जाचा जामीन एकतर्फी मागे घेता येत नाही. 'नंतर नाव काढून घेऊ' असे पतसंस्थेतले कोणी सांगत असेल तर ते बदली जामीनदार संस्थेने मान्य केल्यावरच होते.

शास्त्राचे मला वचन_अभ्यास यांच्याइतके कळत नाही, पण नीतिसूत्रे २२:२६-२७ स्पष्ट आहे: फेडायला जवळ काही नसेल तर अंगाखालचा बिछाना जाईल. कमिटीतल्या ज्या दोघांची नावे आहेत त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. हे एक लाख आणि वरचे व्याज उद्या मला भरावे लागले, तर घरच्यांशी भांडण न होता भरता येईल का? उत्तर नाही असेल तर सही नको, आणि नकार आज द्यावा, अर्ज दाखल झाल्यावर नव्हे.

कमिटी_पूर्वभाग

मनापासून आभार. आमचे तिसरे सभासद फिलेमोनाच्या पत्राचा आधार घेतात: 'तो माझ्या नावावर मांड' असे पौल म्हणतो, मग जामीन वाईट कसा? दुसरे असे की बाईंकडे थोडे सोने आहे. ते तारण ठेवावे का?

वचन_अभ्यास

फिलेमोन १८-१९ मध्ये फिलेमोनाचा दास अनेसिम याचे जे काही देणे असेल ते आधीच झालेले आहे, आणि ते मी फेडीन असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. म्हणजे झालेले देणे तो स्वतःवर घेतो. पुढे वाढत जाणाऱ्या नव्या कर्जाला जामीन राहणे वेगळे. पौलासारखे करायचे तर तुमच्या तिसऱ्या सभासदांनी आपल्या खिशातले पाच-दहा हजार देऊन टाकावेत आणि परतीची अपेक्षा ठेवू नये. लूक ६:३५ ला ते जास्त धरून होईल.

हिशेबाची_वही

आधी नवे लाख. २४,००० पैकी ५,१२७ + २,६४४ + २,००० असे ९,७७१ आजच हप्त्यांत जातात, म्हणजे ४१ टक्के. एक लाख १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३,४१८. एकूण १३,१८९, ५५ टक्के. मायक्रोफायनान्स कर्ज देताना घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथे जी रेघ, ती हे कुटुंब ओलांडते. पावसाळ्यात कारखाना चार दिवस कमी चालला की पहिला हप्ता चुकेल तो याच घराचा.

लग्न बिनकर्जाचे करा. लूक १४:२८ बुरूज बांधण्याआधी खर्च मोजायला सांगते, आणि इथे बुरूज म्हणजे केटरर. उपासना मंदिरातच आहे, वधूवरांच्या नावांचे पुकार तीन रविवारी फुकटच होतात. मंडळीने चहा-नाश्ता आणि सजावट आपल्याकडे घेतली तर पाचशे पानांचे जेवण टळते. पाहुणे नाराज होतील, होऊ द्या.

आता सोने. सावकाराशी बोलणी फिसकटली आणि ४०,००० च द्यावे लागले, असे वाईटात वाईट धरतो. १५,००० मंडळीने बिनव्याजी द्यावेत, दहा महिने दीड हजाराने परत. २५,००० बँकेतून सोने तारण ठेवून घ्यावेत. दर १२ टक्के धरला तरी महिन्याला व्याज २५०. म्हणजे जिथे २,००० जात होते तिथे १,७५० जातात, आणि यातले दीड हजार मुद्दल फेडतात! दहा महिन्यांनी निधीचे पैसे संपले की तेच दीड हजार सोन्याकडे वळवायचे. बाराव्या महिन्यात मायक्रोफायनान्स संपते, मग त्याचे २,६४४ ही तिकडेच. अठराव्या महिन्याच्या सुमाराला सोने सुटते, विसाव्याला पतसंस्था. आज भरतात त्याहून एक रुपयाही जास्त न भरता. सावकार २०,४०० वर उतरला तर सोने ठेवायची जवळपास गरजच नाही.

सोनेतारणात चुकते ते असे: बऱ्याच योजनांत मुद्दल-व्याज बारा महिन्यांनी एकदम भरायचे असते. माणूस वर्षभर काहीच भरत नाही आणि मग लिलावाची नोटीस येते. खाते उघडतानाच अधूनमधून भरलेले पैसे मुद्दलातून वळते होतील ना, हे विचारून घ्या आणि वर्ष भरण्याआधी नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. मायक्रोफायनान्सचे कर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, तिथे कोणी मागितला तर देऊ नका. त्यांचा वसुलीचा माणूस सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ६ नंतर घरी येऊ शकत नाही.

जाता जाता: 'फक्त १२ टक्के फ्लॅट' (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) अशा पाटीला भुलू नका. एक लाख, दोन वर्षे, फ्लॅट १२ म्हणजे २४,००० व्याज आणि ५,१६७ चा हप्ता. घटत्या शिलकीवर तो दर साडेएकवीसच्या वर जातो. पतसंस्थेच्या १४ शी तुलना करताना हे आधी विचारायचे.

महिला_मंडळ_ताई

निधीचे नियम मांडते. ४० घरे, घरटी २००, म्हणजे महिन्याला ८,०००, वर्षाला ९६,०००. त्यातला पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून उरलेल्यातूनच द्यायचे. एका घराला १५,००० च्या वर नाही, दहा महिन्यांत परत, एका वेळी एकच. पहिले दोन महिने कोणालाच देऊ नका, नुसते जमवा. नाहीतर पहिल्याच महिन्यात पाच अर्ज येतात आणि निधी बसतो. या कुटुंबाला घाई आहे तर पहिले १५,००० कोणी देणगी म्हणून वेगळे द्यावेत.

मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून हे पैसे फिरवू नका. सार्वजनिक न्यास कायद्यात ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा याला मर्यादा आहेत, ऑडिटर उद्या बोट ठेवेल. त्यापेक्षा दहा ते वीस बायकांचा बचत गट सोपा. वीसपर्यंत सभासद असले तर नोंदणीची सक्ती नाही, गटाच्या नावाने बँकेत खाते निघते, आणि नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नीट वह्या हे पंचसूत्र सहा महिने सांभाळले की बँक गटाला कर्जासाठी उभे करते. बाहेर गटांत शेकडा एक-दोन घेतात. तुम्ही अडचणीच्या कर्जाला शून्य आणि धंद्याच्या कर्जाला वह्या-पोस्टेजपुरता ठोक आकार ठेवा.

पाळकांना कर्ज मंजूर करणाऱ्यांत घेऊ नका. ज्याच्यापुढे माणूस दुःख मांडतो त्याच्याकडेच नकार द्यायचे काम नसावे. मंजुरीला पाच जण, त्यात निदान तीन बायका. अर्जदाराचे नातलग त्या दिवशी बाहेर बसतील. सही दोघांची. थकबाकीदाराचे नाव उपासनेत वाचायचे नाही, आणि हप्ता राहिला म्हणून प्रभुभोजनाला बसू नको असे कोणी सुचवले तर त्यालाच कमिटीबाहेर बसवा. एक हप्ता चुकला तर घरी जाऊन कारण विचारायचे. तीन चुकले तर मुदत वाढवायची. आजारपण किंवा मृत्यू असेल तर ठराव करून माफ, आणि तशी नोंद वहीत. मशीन, माग, भांडी तारण घ्यायची नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नेही कारागिराची हत्यारे आणि स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळली आहेत, वर जात्याचे वचन आलेच आहे.

अर्जात एक रकाना हवाच: इतर सर्व देणी, मालकाच्या उचलीसह आणि भिशीसह. तो नसला की आपले १५,००० चौथा हप्ता होऊन बसतात. सावकार फेडायला पैसे द्यायचे असतील तर कुटुंबाच्या हातात रोख देऊ नका. कमिटीतले दोघे सोबत जातील, पैसे खात्यावर जातील, दोन्ही चेक आणि स्टँप पेपर तिथल्या तिथे हातात घेतले जातील, चेकचे नंबर जुळवून पाहिले जातील, आणि 'मुद्दल व व्याज पूर्ण मिळाले, येणे बाकी नाही' असे तारखेनिशी सही करून घेतले जाईल. तो कागद देत नसेल तर पैसे न देता उठून या आणि उपनिबंधकांकडचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्या.